बाहेर पडण्याची वाट: मुस्लिम कौटुंबिक कायदा कसा बदलत गेला

विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत पंजाबातल्या अनेक मुस्लिम स्त्रियांनी आपण इस्लाम सोडल्याचं जाहीर केलं. त्यांची श्रद्धा उडाली होती असं नव्हे. कुणाचा नवरा परागंदा झालेला, कुणाचा मारझोड करणारा, कुणाचा वर्षानुवर्षं पोटाला न घालणारा. आणि त्याच्यापासून सुटायला दुसरा मार्गच नव्हता. ब्रिटिश न्यायालयं तिथल्या मुसलमानांना हनफी परंपरेचा कायदा लावत, आणि त्या परंपरेनुसार धर्मत्यागाबरोबर निकाह आपोआप तुटत असे. लग्न मोडण्यासाठी धर्म मोडावा लागत होता. कवी आणि तत्त्वचिंतक महंमद इक्बाल यांनी आपल्या व्याख्यानांत या स्त्रियांचा उल्लेख केला आणि धर्मत्यागाविषयीच्या या नियमाने धर्माचं रक्षण खरोखर होतं का, असा प्रश्न विचारला.

मुस्लिम समाजांत कौटुंबिक कायदा बदलतो तो कसा, हे समजून घ्यायचं तर या स्त्रियांच्या अडचणीपासून सुरुवात करणं सगळ्यात सोपं. बहुपत्नीत्व, पोटगी, वारसा, मुलांचा ताबा असे प्रश्न अनेक आहेत. पण नको असलेल्या लग्नातून बायकोला बाहेर कसं पडता येईल, हा एकच प्रश्न धरून चाललं, तर गेल्या शंभर वर्षांतल्या सुधारणांची जवळजवळ सगळी यंत्रणा उलगडते.

आधी एक फरक स्पष्ट करायला हवा. आपण बोलताना सरसकट ‘शरियत’ म्हणतो. पण न्यायालयात ज्यावर वाद होतो तो बहुतेक वेळा फिक्ह असतो. कुराण आणि हदीस यांवरून कायदेपंडितांनी शतकानुशतकं काढलेले निष्कर्ष म्हणजे फिक्ह. सुन्नी मुसलमानांत त्याच्या चार परंपरा आहेत: हनफी, मालिकी, शाफिई आणि हनबली. उत्तर भारत, तुर्कस्तान आणि ऑटोमन साम्राज्याच्या जुन्या प्रदेशांत हनफी परंपरा रुजली, मोरोक्को-ट्युनिशियाकडे मालिकी. आपल्याकडे दख्खनमधले बहुतेक मुसलमान हनफी, तर रत्नागिरी-रायगडकडचे कोकणी मुसलमान शाफिई. चारही परंपरा एकमेकींना सच्च्या मानतात, पण तपशिलात त्यांची मतं फार वेगळी आहेत. सुधारणेला पहिली फट सापडली ती इथे.

हनफी फिक्हमध्ये नवऱ्याला तलाक देण्यासाठी कारण द्यावं लागत नाही आणि न्यायालयातही जावं लागत नाही. बायकोला मात्र काझीकडून लग्न रद्द करून घेण्याची कारणं अगदी मोजकी, त्यांतलं मुख्य म्हणजे नवऱ्याचं नपुंसकत्व. नवरा खर्चाला देत नसेल तर काझी तिला नवऱ्याच्या नावावर कर्ज काढायची परवानगी देणार, पण लग्न तोडणार नाही. नवरा बेपत्ता असेल तर त्याच्या वयाची माणसं मरेपर्यंत तिने थांबायचं; काही पंडितांनी ही मुदत त्याच्या जन्मापासून नव्वद वर्षं अशी ठरवली होती. म्हणजे वीस वर्षांच्या मुलीचा पंचवीस वर्षांचा नवरा हरवला, तर तिचं उभं आयुष्य गेलं. उलट मालिकी परंपरा म्हणते, चार वर्षं वाट पाहा, मग इद्दत म्हणजे पुनर्विवाहाआधीचा ठरावीक प्रतीक्षाकाळ पाळा आणि हवं तर दुसरं लग्न करा. खर्च न देणं, छळ, गंभीर आजार ही कारणंसुद्धा मालिकींना मान्य आहेत. एकाच धर्मातल्या दोन मान्य परंपरांमध्ये एका बाईच्या नशिबात इतका फरक.

ऑटोमन सरकारने हा प्रश्न हाती घेतला तो पहिल्या महायुद्धात. पुरुष आघाडीवर गेलेले, आणि मागे बायका ना सधवा ना विधवा अशा अवस्थेत. १९१५ मध्ये सुलतानाच्या दोन फर्मानांनी खर्चाची सोय न करता निघून गेलेल्या किंवा गंभीर आजार असलेल्या नवऱ्यापासून सुटका मागण्याचा हक्क बायकांना दिला. त्यासाठी एका बाबतीत हनबली मत घेतलं, दुसऱ्या बाबतीत हनफी परंपरेतलंच पण बाजूला पडलेलं मत. १९१७ चा ऑटोमन कौटुंबिक कायदा याच पद्धतीने तयार झाला. आपल्याकडच्या प्रचलित मताला चिकटून न राहता दुसऱ्या मान्य परंपरेतलं मत निवडण्याच्या या पद्धतीला ‘तखय्युर’ म्हणतात. खुद्द तुर्कस्तानात तो कायदा दोन वर्षंच टिकला, आणि १९२६ मध्ये तर त्या देशाने स्वित्झर्लंडचा नागरी कायदा जवळजवळ जसाच्या तसा उचलला. पण सीरिया, लेबनॉन, पॅलेस्टाईन, जॉर्डन या प्रदेशांत १९१७ चा कायदा पुढे बराच काळ चालला. इजिप्तने १९२० मध्ये हीच वाट धरली आणि खर्च न देणाऱ्या किंवा असाध्य आजार असलेल्या नवऱ्यापासून मालिकी मताच्या आधारे सुटका मान्य केली.

भारतात ही वाट काढली ती देवबंदी परंपरेतल्या मौलाना अशरफ अली थानवी यांनी, आणि ही गोष्ट आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असते. थानवी आधुनिकतावादी तर नव्हतेच, उलट स्त्रियांच्या आचरणाबाबत अत्यंत कर्मठ. पण सुटकेसाठी बायका धर्म सोडताहेत हे त्यांना सहन होईना. त्यांनी मदिनेतल्या मालिकी पंडितांशी पत्रव्यवहार केला, त्यांचे फतवे मागवले आणि ‘अल्-हीला अन्-नाजिझा’ या पुस्तकात मांडलं, की अगतिक परिस्थितीत हनफी बाईला मालिकी नियमाचा आधार घेता येईल. धर्मत्यागाने लग्न आपोआप तुटत नाही, असंही त्यांनी त्यात प्रतिपादन केलं. जमियत-उल-उलेमा-ए-हिंद या उलेमांच्या म्हणजे धर्मपंडितांच्या संघटनेच्या पाठिंब्याने काझी मुहम्मद अहमद काझमी यांनी केंद्रीय कायदेमंडळात विधेयक आणलं आणि त्यातून १९३९ चा मुस्लिम विवाहविच्छेद कायदा झाला. नवरा चार वर्षं बेपत्ता, दोन वर्षं खर्च नाही, सात वर्षांची किंवा जास्त शिक्षा, तीन वर्षं वैवाहिक कर्तव्यात कसूर, दोन वर्षं वेड, क्रूरता अशी कारणं त्यात आहेत. पंधरा वर्षांच्या आत लग्न लावून दिलेल्या मुलीला, संबंध आला नसेल तर, अठरा पूर्ण होण्याआधी ते लग्न नाकारण्याचा हक्कही आहे.

या कायद्यात देवाणघेवाण कशी झाली तेही पाहण्यासारखं आहे. उलेमांना दोन गोष्टी हव्या होत्या. धर्मत्यागाने लग्न तुटू नये, ही पहिली. ती चौथ्या कलमाने मिळाली. अशा खटल्यांचा निकाल मुस्लिम न्यायाधीशानेच द्यावा, ही दुसरी. ती अंतिम मसुद्यातून गळाली. म्हणजे बायकांसाठी एक दार उघडताना दुसरं, धर्मत्यागाचं, बंद झालं. तरीही माझ्या मते विसाव्या शतकात भारतीय मुस्लिम स्त्रियांच्या बाजूने झालेला हा सर्वांत मोठा बदल आहे. आजही न्यायालयांत त्याच्याच आधारे निकाल दिले जातात. मात्र त्याचं श्रेय उलेमांच्या विद्वत्तेइतकंच त्या पंजाबी बायकांना जातं. मालिकी मत हजार वर्षं पुस्तकात होतंच. ते उघडून पाहायला भाग पाडलं या बायकांनी, समाजाला न परवडणारी कृती करून.

दुसऱ्या परंपरेचं मत घेणं ही एक रीत झाली. दुसरी रीत आणखी हुशारीची आहे. मुस्लिम राज्यशास्त्रात राज्यकर्त्याला एक अधिकार पूर्वीपासून मान्य आहे: काझीने कोणते खटले चालवावेत हे तो ठरवू शकतो. इजिप्तने याचा उपयोग बालविवाह आणि विनानोंदणी विवाह यांच्यासाठी केला. बालविवाह धर्मतः अवैध आहे असं म्हटलं असतं तर रान पेटलं असतं. म्हणून १९२३ च्या कायद्याने एवढंच सांगितलं, की मुलगी सोळा आणि मुलगा अठरा वर्षांचा नसेल तर सरकारी अधिकाऱ्याने त्या लग्नाची नोंद करू नये. १९३१ मध्ये पुढचं पाऊल आलं: ज्या लग्नाची नोंद नाही त्यावरून वाद झाला, तर न्यायालय तो ऐकणारच नाही. धर्माच्या नियमाला हात न लावता, न्यायालयाचं दार बंद करून लोकांना नोंदणीकडे वळवायचं, अशी ही योजना. तिची किंमतही बायकांनीच मोजली. नोंद न करता केलेली ‘उर्फी’ लग्नं थांबली नाहीत. नवऱ्याने लग्नच नाकारलं तर बाईला दादच मागता येत नसे. अखेर २००० च्या कायद्याने लेखी पुरावा असेल तर अशा लग्नातही घटस्फोट मागायची मुभा दिली.

तिसरी रीत म्हणजे परंपरेच्या आत राहूनही अल्पमतात पडलेल्या थोर पंडिताचा आधार घेणं. एका दमात तीनदा उच्चारलेला तलाक एकदाच मोजावा, असं चौदाव्या शतकात वारलेल्या इब्न तैमिया यांचं मत होतं. त्या मतापायी त्यांना तुरुंगवास सोसावा लागला. १९२९ मध्ये इजिप्तने तेच मत कायद्यात घेतलं. नशेत किंवा जबरदस्तीखाली दिलेला तलाकही निष्प्रभ ठरवला. त्याच कायद्याने बायकोला ‘इजा’ होत असल्याच्या कारणावरून घटस्फोट मागण्याचा हक्क मिळाला. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने शायराबानो खटल्यात तत्काळ तीन तलाक रद्द ठरवला तो २२ ऑगस्ट २०१७ रोजी, म्हणजे इजिप्तनंतर ८८ वर्षांनी.

‘इजा’ हे कारण कागदावर मिळालं, पण ती सिद्ध करायची कशी? घराच्या चार भिंतींत झालेल्या मारहाणीला साक्षीदार आणायचे कुठून? इजिप्तमध्ये असे खटले वर्षानुवर्षं रेंगाळत. नवरा मुद्दाम तारखांना येत नसे, अपिलात जात असे. बाई तरुणपणी न्यायालयात शिरायची आणि चाळिशीला पोचली तरी लग्नात अडकलेलीच असायची. म्हणून २००० च्या कायद्यातली खुलाची तरतूद महत्त्वाची, आणि तिथे थोडं थांबायला हवं.

खुला म्हणजे बायकोने मेहर, म्हणजे लग्नात नवऱ्याकडून तिला मिळालेलं धन, परत करून घेतलेली सुटका. ती रीत जुनीच आहे. साबित बिन कैस यांची पत्नी प्रेषितांकडे आली. पतीच्या वागण्यात किंवा धर्मनिष्ठेत खोट काढत नाही, पण त्याच्याबरोबर राहवत नाही, असं तिने सांगितलं. मेहर म्हणून मिळालेली बाग परत करशील का, असं प्रेषितांनी विचारलं; ती हो म्हणाली, आणि त्यांनी साबितना बाग घेऊन तलाक द्यायला सांगितलं. हदीस सगळ्यांना मान्य. वाद एवढाच, की प्रेषितांचं ते सांगणं साबितना सल्ला होता की आदेश? बहुसंख्य पंडित सल्ला मानतात. म्हणजे खुलाला नवऱ्याची संमती हवी. नवरा अडून बसला, किंवा सुटकेसाठी भरमसाट पैसे मागू लागला, की खुला निरुपयोगी.

पाकिस्तानच्या न्यायालयांनी हा प्रश्न आधी सोडवला. १९५९ मध्ये लाहोर उच्च न्यायालयाने आणि १९६७ मध्ये खुर्शीद बीबी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने प्रेषितांचं ते सांगणं आदेश मानलं: पती-पत्नी एकत्र नांदू शकत नाहीत अशी न्यायाधीशाची खात्री पटली, तर नवऱ्याच्या संमतीवाचून खुला देता येतो. लाहोरच्या निकालानंतर ४१ वर्षांनी इजिप्तने हेच कायद्यात घातलं. बाईने न्यायालयात सांगायचं, की मला या माणसाबरोबर राहवत नाही, आणि राहिले तर ईश्वराने घातलेल्या मर्यादा पाळल्या जाणार नाहीत अशी मला भीती वाटते. तिने घेतलेला मेहर परत करायचा, बाकीचे आर्थिक हक्क सोडायचे. न्यायालय तीन महिन्यांपर्यंत समेटाचा प्रयत्न करतं. समेट झाला नाही तर निकाल, आणि त्यावर अपील नाही. इजा सिद्ध करायची गरज नाही, नवऱ्याची संमतीही नाही. अल्-अझहर या धर्मपीठाचे तत्कालीन प्रमुख शेख तंतावी यांनी या तरतुदीला पाठिंबा दिला, आणि २००२ मध्ये इजिप्तच्या सर्वोच्च घटनात्मक न्यायालयाने ती वैध ठरवली.

हे मोठं पाऊल होतं, यात शंका नाही. पण त्यात एक अन्याय राहून गेला आणि तो उघडपणे सांगायला हवा. ज्या बाईला खरोखर मारहाण होते तिलाही पुरावा नसल्यामुळे खुलाची वाट धरावी लागते, आणि छळ सोसूनही तीच पैसे सोडते. जिच्याकडे परत करायला काही नाही आणि पुढे जगायला आधार नाही, तिच्यासाठी ही वाट अरुंदच.

ट्युनिशियाने एक झेप घेतली. मार्च १९५६ मध्ये देश स्वतंत्र झाला आणि १३ ऑगस्टला हबीब बुर्गिबा यांच्या सरकारने व्यक्तिगत कायद्याची संहिता जाहीर केली. बहुपत्नीत्व गुन्हा ठरलं. न्यायालयाबाहेरचा तलाक संपला आणि घटस्फोट मागण्याचा हक्क दोघांनाही सारखा मिळाला. इथे उसन्या मतांचा आधार नव्हता, कुराणाचाच नवा अर्थ लावला होता. चौथ्या सूरेची तिसरी आयत सांगते, की समान न्याय देता येणार नाही अशी भीती असेल तर एकच पत्नी करा. त्याच सूरेची १२९ वी आयत सांगते, की कितीही इच्छा असली तरी तुम्हाला बायकांमध्ये समान न्याय राखता येणार नाही. दोन्ही एकत्र वाचल्या तर निष्कर्ष एकपत्नीत्वाचा निघतो. नवस्वतंत्र देशात बुर्गिबांची पकड घट्ट आणि झैतुना विद्यापीठातले उलेमा दुबळे झालेले, म्हणून हे एका फटक्यात जमलं. हीच झेप १९५९ मध्ये इराकने वारसाहक्काच्या बाबतीत घेऊन पाहिली. १९६३ मध्ये सत्ता पालटली आणि मुलगा-मुलगी समान वारस मानण्याची ती तरतूद गेली. ज्या सुधारणेला सत्तेखेरीज कुणाचं पाठबळ नसतं, ती सत्तेबरोबरच जाते.

मोरोक्कोचा मार्ग लांबचा. १९९२ मध्ये महिला संघटनांनी कौटुंबिक कायदा बदलण्यासाठी दहा लाख सह्यांची मोहीम घेतली. १९९३ मध्ये थोडंसं पदरात पडलं. मार्च २००० मध्ये एकाच दिवशी रबातमध्ये सुधारणेच्या बाजूने आणि कासाब्लांकात विरोधात प्रचंड मोर्चे निघाले. अखेर २००४ मध्ये नवा कायदा आला, तोही राजाच्या ‘श्रद्धावंतांचा नेता’ या धार्मिक पदाच्या आधाराने आणि संसदेच्या मंजुरीने. लग्नाचं वय दोघांनाही अठरा झालं, नवऱ्याची आज्ञा पाळण्याचं बायकोचं कर्तव्य गेलं. सर्वांत परिणामकारक ठरली ती ‘शिकाक’ म्हणजे बेबनावाची तरतूद. पती-पत्नीत दुरावा आल्यास दोन्ही घरांतून एकेक मध्यस्थ नेमा, हे कुराणात आहे. त्याचा विस्तार करून कुणाही एकाला बेबनावाच्या कारणावरून न्यायालयात जाता येईल आणि सहा महिन्यांत निकाल लागेल, असं ठरलं. खुलामध्ये सोडावे लागतात तसे आर्थिक हक्क इथे बाईला सोडावे लागत नाहीत. आज तिथे न्यायालयाकडून मिळणारे बहुतेक घटस्फोट याच तरतुदीखाली होतात. मात्र त्याच कायद्याने न्यायाधीशाला अठराखालच्या लग्नाला अपवाद म्हणून परवानगी द्यायचा अधिकार ठेवला, आणि असे बहुसंख्य अर्ज मंजूर होत गेले. अपवादाचाच रिवाज झाला. कायद्याचं कलम वाचून कुठल्याही देशाबद्दल मत बनवू नये, न्यायाधीश त्याचं काय करतो ते पाहावं, हे मोरोक्कोने पुरेपूर दाखवलं.

महाराष्ट्रात हा प्रश्न वेगळ्या बाजूने पुढे आला. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाई यांनी मुंबईत सात मुस्लिम महिलांचा मोर्चा काढला. तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करा, समान नागरी कायदा आणा, ही मागणी. १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन झालं. दलवाईंना फिक्हमधल्या वाटांत रस नव्हता, त्यांची मागणी नागरिकत्वाच्या पायावर उभी होती. पुढे न्यायालयांनी मात्र परंपरेतूनच बरंच काही काढलं. दगडू पठाण विरुद्ध रहिमबी या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद येथील पूर्णपीठाने २००२ मध्ये सांगितलं, की ‘मी तलाक दिला आहे’ असं नवऱ्याने नुसतं कैफियतीत लिहून चालणार नाही. कारण आणि मध्यस्थांमार्फत केलेला समेटाचा प्रयत्न त्याला सिद्ध करावा लागेल. आधार कुराणातल्या त्याच मध्यस्थांचा, ज्यांच्यावर दोन वर्षांनी मोरोक्कोने आपलं कलम उभारलं. दलवाईंचा मार्ग की हा मार्ग, असा वाद आपल्याकडे पुष्कळ झाला. मला वाटतं, रस्त्यावर उतरलेल्या सात बायकांचा दबाव नसता तर जुन्या ग्रंथांतली सोयीची मतं न्यायालयात कुणी शोधली नसती.

कायदा बदलण्याची वाट न पाहता आजच करता येण्यासारखी एक गोष्ट आहे. निकाह हा करार आहे आणि त्यात अटी घालता येतात. तलाकचा हक्क नवरा बायकोला सोपवू शकतो. याला ‘तलाक-ए-तफवीज’ म्हणतात. हा हक्क हनफी परंपरेलाही मान्य आहे आणि भारतातल्या न्यायालयांनीही वाजवी अटींवर तो मान्य केला आहे. पाकिस्तानच्या छापील निकाहनाम्यात त्यासाठी अठरावा रकाना आहे. लग्न लावणारे पुष्कळदा नवरीला न विचारता त्यावर काट मारतात. आपल्याकडच्या अनेक निकाहनाम्यांत असा रकानाही नसतो, पण वेगळी अट लिहायला मनाई नाही. नवऱ्याने दुसरं लग्न केलं, खर्च दिला नाही किंवा मारहाण केली तर बायको स्वतःला तलाक देऊन घेऊ शकेल, एवढं वाक्य पुरेसं आहे. घरात मुलीचा निकाह ठरला असेल तर मेहरच्या आकड्याबरोबर हे वाक्यही बोलणीत काढा, आणि सही होण्याआधी तो कागद मुलीला स्वतः वाचायला द्या.